माइकवर पडलेल्या अक्षता

आज सकाळी माझ्या दोन्ही कानांत एकाच वेळी आईनं श्वास घेतला आणि मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. हेडफोनची वायर ताणली, चहाचा कप कलंडला, टेबलावरच्या कागदांवर चहा पसरला. एरवी एवढ्यावरून मी फडकं आणायला धावले असते. मी तशी भित्री. पण आज चहा टेबलाच्या कडेवरून खाली टपटपत राहिला आणि मी तिथंच उभी, हात छातीवर, पुढं काय होतंय त्याची वाट बघत.

आई जाऊन चोवीस वर्षं झाली. श्वास घेतला तो कॅसेटमधल्या आईनं. शोभाआक्काच्या लग्नात मंगलाष्टक म्हणायला ती माइकपुढं उभी राहिली होती, आणि तोंड उघडण्याआधी तिनं छाती भरून घेतली होती. तेवढाच तो आवाज. पण काल तो नव्हता. काल मीच तो पुसून टाकला होता.

सगळं नीट सांगते.

येत्या रविवारी माझ्या धाकट्या बहिणीचं, सोनालीचं, लग्न आहे. गावी, साताऱ्याच्या दुष्काळी अंगाला, माण तालुक्यात. आई गेली तेव्हा सोनी वर्षाचीही नव्हती. तिला आई फोटोतून ठाऊक. आवाज कसा होता ते काहीच ठाऊक नाही. साखरपुड्याच्या दिवशी ती फोनवर म्हणाली, "ताई, सगळी म्हणत्यात आई लई भारी मंगलाष्टकं म्हणायची. गावातल्या समद्या पोरींच्या लग्नात म्हटली तिनं. माझ्याच लग्नात न्हाय व्हय?"

मी म्हणाले, बघते.

म्हणून बसले खरी, पण फोन ठेवल्यावर कळलं, केवढं कबूल केलंय. कारण आईचा आवाज या जगात फक्त एका ठिकाणी होता. शोभाआक्काच्या लग्नाची कॅसेट. शोभाआक्का आमची शेजारीण. लग्न होऊन म्हसवडला गेली, कॅसेट बरोबर घेऊन गेली आणि शालूखाली ट्रंकेत ठेवली ती ठेवलीच. सोनीनं ती मागून आणली. ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून, वर दोरा बांधून, कांद्याच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसवून तुर्भ्याच्या मार्केटला पाठवली. मी पहाटेच जाऊन उभी होते. ड्रायव्हरनं पुडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, काय आहे यात, सोनं की काय, तुमच्या बहिणीनं वाटेत चार फोन केले. मी नाकाला लावून बघितलं. डांबराच्या गोळ्यांचा वास, त्याच्यावर कांद्याचा वास, आणि त्याच्याखाली आमच्या घरचा. घराचा वास कसला असतो ते मला सांगता यायचं नाही. पण होता.

माझं काम आवाज निवडण्याचं. उलव्यात नानांचा स्टुडिओ आहे, तिथं. नाना इथले मूळचे, आगरी. आमची इमारत उभी आहे तिथून खाडीपर्यंत त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. हळदीची गाणी रेकॉर्ड करायला म्हणून नानांनी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांना गाद्या ठोकल्या, काचेची खिडकी बसवली, आणि झाला स्टुडिओ. आता भजनी मंडळं येतात, खारघरच्या कॉलेजातली पोरं गप्पांचे कार्यक्रम रेकॉर्ड करायला येतात, ऐरोलीच्या ऑफिसातले साहेब घरी बोलून ठेवलेलं घेऊन येतात, ज्यात मागं पंखा असतो, कुकरची शिट्टी असते, वरच्या मजल्यावरचं फर्निचरचं काम असतं. ते सगळं काढायचं आणि बोलणारा तेवढा ठेवायचा. हल्ली डोक्यावरून विमानं जायला लागली. नवा विमानतळ हाकेच्या अंतरावर. भजन ऐन रंगात आलं की विमान येतं, आणि नाना काचेपलीकडून हात वर करतात. सगळे टाळ हातात तसेच धरून, माना वर करून, छताकडे बघत थांबतात. विमान गेलं की हात खाली. विठ्ठल विठ्ठल पुन्हा सुरू.

या कामाची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय माझी चूक कळायची नाही. आवाजातला कचरा काढायचा तर आधी कॉम्प्युटरला सांगावं लागतं की कचरा कोणता. त्यासाठी रेकॉर्डिंगमध्ये असा तुकडा शोधायचा जिथं कोणी बोलत नाही, गात नाही. नुसता पंखा किंवा नुसतं इंजिन ऐकू येतं. तो तुकडा कॉम्प्युटरला ऐकवायचा. मग तेवढा आवाज तो बाकी सगळ्यातून उपसून काढतो. तांदूळ निवडायला बसलेल्या पोरीला आधी एक खडा दाखवावा, की हे बघ, असला दिसला की काढ, तसं. मी त्या तुकड्याला खडाच म्हणते. नानाही आता तेच म्हणतात. "खडा घावला का गो?" असं खिडकीतून विचारतात.

मी आठवीतून शाळा सोडली. सोनी कडेवर होती. वर्गात नेऊन बघितलं दोन दिवस. गुरुजी काही म्हणाले नाहीत, पण तिसऱ्या दिवशी मीच गेले नाही. दप्तर खुंटीला बरेच महिने तसंच होतं. त्याच्यात वह्यापुस्तकांचा वास असायचा, तो हळूहळू गेला. पुढची सगळी वर्षं मी कानानं काढली असं मला वाटतं. भाकरी थापताना कान झोळीकडे, पाण्याला गेले तरी कान घराकडे. शेजारी पिठाची गिरणी होती, दिवसभर तिचा धडधडाट. त्या धडधडाटात सोनीनं नुसती कूस बदलली तरी मला कळायचं. बायका हसायच्या, म्हणायच्या, हिला कान हायत का जाळं हाय.

तेव्हा मला वाटायचं, हा कसला गुण. कोणत्या वहीत लिहायचा?

सोनी मोठी झाली, शाळेत जायला लागली, आणि मावशीनं मला इकडं आणलं. माझ्या लग्नाचं म्हणाल तर ते राहिलं ते राहिलंच. त्याचं मला आता काही नाही. उलव्यात तेव्हा निम्म्या इमारती नुसत्याच उभ्या होत्या. संध्याकाळी खाडीकडून चिखलाचा खारट वास यायचा आणि मला गावच्या कोरड्या धुळीची आठवण यायची. नानांच्या स्टुडिओत मी झाडूपोछा करायला लागले. काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, पहिल्याच दिवशी सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी पुढं ठेवली. मी वासानंच मागं सरले. त्या म्हणाल्या, खाशील, सहा महिन्यांनी मागून खाशील. सहा महिने लागले नाहीत.

एका दुपारी नाना डोकं धरून बसले होते. एका बाईंची गाणी रेकॉर्ड करायची होती, माइकमध्ये कसली तरी बारीक घरघर येत होती आणि काम बघणारा माणूस सोडून गेला होता. मी फरशी पुसत होते. न राहवून म्हणाले, नाना, बाहेरच्या खोलीतला फ्रीज आहे तो. नानांनी उठून फ्रीजचं बटण बंद केलं. घरघर गेली. ते वळून माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं आता रागावतात, मधे बोलले म्हणून. ते काकूंना हाक मारून म्हणाले, "अगो, हिला कान हाय. हिच्या हातची फडकी घे."

त्या दिवशी काकूंनी खरंच माझ्या हातातलं फडकं घेतलं. पुढची फरशी त्यांनी पुसली.

कॉम्प्युटरवरचं सगळं इंग्रजीत. मी बटणं आकारावरून शिकले: हा कंगवा, हा डोंगर, ही कात्री. अजूनही कोणी शिकलेला माणूस शेजारी बसला की मला धाकधूक होते, आता हा विचारणार तुमचं शिक्षण किती. कोणी विचारत नाही. डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, वा, स्वच्छ. तरी धाकधूक होतेच.

तर कॅसेट आली. तिची पट्टी आत चिकटली होती. नानांनी चष्मा लावून, बारीक स्क्रू काढून, पट्टीची दोन्ही चाकं उचलून नव्या डबीत बसवली. मी श्वास रोखून बघत होते. मधे पट्टीला एक पीळ पडला तेव्हा मी डोळेच मिटले. नाना म्हणाले, "डोले उघर. नाय तुटत. माझ्या हातान मिठाची पन ढेकली फुटली नाय कधी." मग कॅसेट लावली. एकदाच लावायची, त्याच वेळी कॉम्प्युटरवर घ्यायची. परत परत घासायची नाही.

जनरेटर.

आधी फक्त जनरेटर. आणि त्याबरोबर सगळं लग्नच अंगावर आलं. वैशाखातली लग्नं आमच्याकडं भर दुपारी लागायची. विजेचा भरवसा नसायचा, म्हणून मांडवामागं जनरेटर, त्याच्या डिझेलचा वास पार पंगतीपर्यंत. मांडवात पाणी मारून बसवलेली धूळ, मोगऱ्याचे गजरे उन्हानं मऊ पडलेले, नवरीच्या अंगाची हळद, आणि बुंदीच्या कढईतून येणारा तो तुपकट गोड वास, ज्यानं आम्हा पोरांना धड बसवायचं नाही. तांदूळ आमच्याकडं सणाला. अक्षता ज्वारीच्या. पाटीभर ज्वारी कुंकवात लाल करायची, ते काम आम्हा पोरींचं. दिवसभर हात लाल. त्याच हातांनी डोळे पुसायचे, तोंड पुसायचं, मग सगळ्या पोरी चेटकिणीसारख्या दिसायच्या. आणि मंगलाष्टकाच्या वेळी आई पदर खोचून माइककडे जायची. मागच्या पानांवर हिशेब, पुढच्या पानांवर कडवी, अशी तिची एक वही होती. कडवी ती स्वतः जुळवायची. शाळा तिचीही चौथीच. पण चाल लागली की शब्द आपोआप रांगेत येऊन उभे राहतात, असं म्हणायची.

ती वही कुठं गेली कोण जाणे.

तर कॅसेटमध्ये जनरेटर, त्यावर माणसांचा कल्लोळ, आणि त्या सगळ्याच्या तळाशी, विहिरीत कोणी बोलावं तसा, आईचा आवाज. शब्द कळत नव्हते. पण चाल तिचीच. मी नानांकडे बघितलं. ते म्हणाले, हाय, खाली हाय. काढू.

हा सोमवार. मंगळवारी मी बसले. मला घाई झाली होती. खडा शोधायला लागले. लग्नात कोणी गप्प असतं का? शेवटी दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यामध्ये एक जागा सापडली. लोकांचं 'सावधान' म्हणून झालंय, आईचं पुढचं कडवं सुरू व्हायचंय, आणि मधे एवढासा तुकडा, नुसता जनरेटर. मी तोच दाखवला कॉम्प्युटरला. हा घे खडा.

जनरेटर गेला की! एका फटक्यात गेला. शब्द कळायला लागले. मी नाचायचीच बाकी होते. आईच्या आवाजात, पहिल्यांदा चोवीस वर्षांत, अख्ख्या दोन ओळी ऐकल्या:

जाते लेक घरातुनी निघुनिया, डोळ्यांत पाणी नको
जेथे पाय तुझा तिथेच उजळो, दारी दिवा लागु दे

मी ओरडून नानांना बोलावलं. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, पूर्ण ऐकलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते हसले नाहीत.

"पोरी," ते म्हणाले, "तू आयशीला पान्यान बुरवलंस गो."

परत ऐकलं तेव्हा मलाही कळलं. आवाज स्वच्छ होता, पण ओला, बुडबुड्यांतून आल्यासारखा. प्रत्येक ओळ कापून ठेवल्यासारखी. नाना म्हणाले, गाणारं माणूस श्वास घेतं, ही कुठंच श्वास घेत नाय. मग मी तो खडा परत ऐकला. कान लावून, दहादा. जनरेटरच्या आत, अगदी शेवटी, आईचा श्वास होता. तिसऱ्या कडव्यासाठी घेतलेला. मी तोच कॉम्प्युटरला दाखवला होता: हा कचरा, हा जिथं दिसेल तिथून काढ. आणि त्यानं इमानेइतबारे सगळीकडून काढला.

मंगळवारी संध्याकाळी मी जेवले नाही. नानांना राहवलं नाही, ते ताट घेऊन बसले समोर आणि मिठागराची गोष्ट सांगायला लागले. मीठ ओढताना म्हणे फळी हलक्या हातानं फिरवायची. वरचं पांढरं तेवढं घ्यायचं. हावरेपणानं खाली दाबली की मिठात चिखल येतो, आणि मग ते मीठ कोणी घेत नाही. त्यांच्या वडिलांनी त्यांना याच्यावरून एकदा फळीनंच मारलं होतं. "हलका हात," एवढंच म्हणाले आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

आज सकाळी येऊन मी कॅसेटची पहिलीच मिनिटं काढली, जी मी काल पुढं ढकलली होती. लग्न सुरू व्हायच्याही आधीची. माइकवाल्यानं हॅलो हॅलो केलंय, माइकवर टकटक केलंय, आणि माइक तसाच चालू ठेवून तो पाणी प्यायला गेला असावा. मांडव अजून रिकामा. जनरेटर, जनरेटर, फक्त जनरेटर. त्यात कोणाचा श्वास नाही. खरा खडा इथं होता, सगळ्यांच्या आधी, आणि मी तो कल्लोळात शोधत बसले होते.

हलका हात. थोडंच काढलं. जनरेटर राहिला, पण लांब गेला. मांडवामागं असतो तिथं. आणि मग पहिल्या कडव्याच्या आधी आईनं श्वास घेतला.

तो चहा सांडला ती वेळ ही.

त्यानंतर मला कशाचंच भान राहिलं नाही. मधे मधे टिक, टण, टिक असे आवाज येत होते. मशीनचा दोष समजून ते काढायला गेले आणि एकदम हसूच फुटलं. ज्वारी! प्रत्येक 'सावधान'ला लोकांनी अक्षता टाकल्या होत्या आणि त्या माइकवर पडल्या होत्या. तांदूळ पडला तर नुसता सर्र वाजतो. ज्वारीचा दाणा गोल, तो आपटतो, उडतो, परत पडतो. टण्, टिक्. कोण जाणे त्यातला एखादा माझ्याच लाल हातातून गेला असेल. मी काकूंना बोलावून ऐकवलं. त्या म्हणाल्या, हे तू ऐकूनशी सांगतेस, का उगाच? मी स्वयंपाकघरातून ज्वारी आणली आणि आमच्या माइकवर टाकून दाखवली. नाना कपाळावर हात मारून म्हणाले, अगो, माझा माइक.

राहिलं एक. एक बाळ रडत होतं.

जनरेटर मोठा होता तोवर ते दबून होतं. आता उघडं पडलं. नेमकं आईच्या चांगल्या चांगल्या शब्दांवर. कोणाचं कारटं इतकं माइकजवळ आणलंय, असं खरंच मनात आलं माझ्या, शपथ. कॉम्प्युटरवर आवाज चित्रासारखा दिसतो. काळ्या पडद्यावर केशरी रेघा. आईच्या रेघा पायऱ्या पायऱ्यांच्या, शांत. बाळाच्या उभ्या, नागमोडी, सगळ्यांना छेदून जाणाऱ्या. मी खोडायचा ब्रश घेतला आणि एक एक रेघ पुसायला लागले. फरशी पुसायचे तशी. एक रडणं पुसलं. दुसरं पुसलं. तिसरं पुसायच्या आधी, नीट पकडावं म्हणून, परत ऐकलं. त्याच्या शेपटाला एक बारीक आवाज होता, पोरीचा, रडकुंडीला आलेला.

"गप की. गप ना गं."

माझा ब्रश थांबला.

ती मीच होते. मांडवाच्या मेढीला टेकून, आईच्या पाठीशी, शाळेचा निळा स्कर्ट घालून, कारण तोच माझा धड कपडा. कडेवर सोनी, पाच महिन्यांची, अंगावर घामोळं, भूक लागलेली, आईचा आवाज ऐकू येतोय आणि आई घेत नाही म्हणून आकांत करणारी. मला आठवलं, तिच्या डोक्याला एरंडेलाचा वास होता. मला आठवलं, माझा हात भरून आला होता. आणि मी तिचंच रडणं पुसत बसले होते, दोन रेघा पुसूनसुद्धा झाल्या होत्या.

पुसलेलं सगळं परत आणलं. हे बटण उलट्या बाणाचं. ते मला सगळ्यांत आधी पाठ झालं होतं.

मग मी मंगलाष्टक सुरुवातीपासून लावलं आणि काहीही न करता नुसती ऐकत बसले. पहिलं कडवं. सावधान. ज्वारी. दुसरं कडवं, त्यावर सोनी. सावधान. ज्वारी. आणि मग ती जागा आली. दोन कडव्यांमधली. काल जिथून मी खडा उचलला होता. जनरेटर आता लांब होता, आणि तिथं, श्वासाच्या आधी, आईनं माइकवरून तोंड बाजूला वळवलं होतं. हळू, घरातल्या आवाजात, ती म्हणाली:

"आले गं सोने. झालंच. आले."

मग श्वास. मग तिसरं कडवं.

बाळ गप्प झालं होतं. तिसऱ्या कडव्यात एकही केशरी उभी रेघ नाही.

मी नानांना बोलावलं नाही. काकूंनाही नाही. पहिल्यांदा हे सोनीनं ऐकायला हवं होतं, तिच्यासाठीच म्हटलेलं होतं ते. माझ्या मनात मात्र नेहमीची भीती सुरू झाली. भर मांडवात, पाहुण्यांसमोर, स्पीकरवर बाळाचं रडणं लावायचं? सासरची माणसं काय म्हणतील? दादा, म्हणजे आमचे वडील, ते कसे उभे राहतील? रडणं काढलं तर ते 'आले गं' कोणासाठी ते कळणार नाही. ठेवलं तर मंगलाष्टक बिघडल्यासारखं वाटणार. मी काही न काढता सगळं सोनीच्या फोनवर पाठवलं आणि खाली लिहिलं: रडणं नको असेल तर काढून देईन.

फोनवर ऐकवलं नाही, पाठवलं; त्याला कारण आहे. हल्लीचे फोन मागचे आवाज आपणहून गाळतात. मी घरी फोन करते तेव्हा सोनी ऐकू येते, दादा ऐकू येतात. गिरणी ऐकू येत नाही, शेळ्या ऐकू येत नाहीत, झाडणीचा खराटासुद्धा नाही. सगळं गाव त्या फोननं निवडून फेकलेलं असतं. 'आले गं'सुद्धा त्यानं फेकलं असतं.

दुपारी तिचा फोन आला. मी बाहेर गॅलरीत गेले. मी म्हणाले, ऐकलंस का. ती म्हणाली, "ताई, ते बाळ मी हाय व्हय?"

हो म्हणाले.

"आणि गप की म्हणणारी तू."

हो.

"तवापासनं वरडतीस व्हय माझ्यावर," ती म्हणाली आणि नाक ओढलं.

मी विचारलं, रडणं ठेवायचं की काढायचं, शांतपणे ठरव, लोकं काय म्हणतील त्याचाही विचार कर. ती म्हणाली, "म्हणू देत. सांगीन, ह्या पोरीनं पहिल्यांदा पाच महिन्यांची असताना मंगलाष्टकात रडून घेतलंय, आता परत रडायची न्हाय." मग म्हणाली, दादांना ऐकवलंय. दादा उठून कोठीत गेले आणि पायलीभर ज्वारी काढून आणली. अक्षतांना तांदूळ आणलाय म्हणून सांगितलं तर म्हणाले, तांदूळ भातात घाला.

मला हसू आलं, आणि डोळेही भरले. मी खांबाला टेकले.

"ताई, तू बी ऐक माझ्यासंगं," सोनी म्हणाली. "इथं आपल्या काकीचा फोन घेतलाय, त्याच्यावर लावते. माझ्या फोनच्या तोंडाशी धरते. तेवढंच. ते आले गं."

"लाव," म्हणाले. आणि नेमकं तेव्हाच खाडीकडून विमान आलं, चाकं खाली सोडून, इतकं खाली की गॅलरीची जाळी थरथरली. फोन तरी किती गाळणार.

"थांब," सोनी म्हणाली. "तुझ्याकडं विमान चाललंय. ते जाऊ दे, मग लावते."

आम्ही दोघी थांबलो. नाना खिडकीपलीकडे सवयीनं हात वर करून उभे. विमान डोक्यावरून गेलं, इमारतींच्या मागं गेलं, त्याचा आवाज बारीक बारीक होत गेला. फोनमध्ये गाव नव्हतं, गिरणी नव्हती, काही नव्हतं. मग अगदी तोंडाशी, फोनलाही गाळता न येण्याइतका जवळ, सोनीनं श्वास घेतला आणि थांबली.

मी हळूच नानांना खूण केली, हात खाली घ्या.